तसबिरीत रंग कोणी भरला?

धरणगावच्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर एकच तसबीर होती. दादा आणि दादीची. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने १९४६ एवढाच आकडा लिहिलेला. दादा खुर्चीवर बसलेले, डोक्याला फेटा, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी दादी उभी. अंगावर नऊवारी लुगडे, डोक्यावरून घेतलेली निकाहची ओढणी, नजर खाली. मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा आणि कठडा. धरणगावात तसा बगीचा कुठेच नव्हता. तो फोटोवाल्याचा होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने ही तसबीर चौकटीतून काढून स्कॅन केली आणि संगणकावर दुरुस्त केली. वाळवीने खाल्लेला कोपरा भरला, घडीची रेघ पुसली. मग मला म्हणाला, "चाचा, आता बघा." पडद्यावर सारे चित्र काळेपांढरे होते. फक्त दादांचा फेटा हिरवागार झाला होता.

पोराने मेहनत केली होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण माझी मोठी फुफी तिथेच बसली होती. तिने चष्मा पुसला, पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "अरे, अब्बांचा फेटा हिरवा कोणी केला? अब्बा लाल फेटा बांधायचे. बाजारात सगळे पिंजारी, सगळे कुणबी लालच बांधायचे."

पुतण्या गोंधळला. "फोटोत किती गडद दिसतोय बघा ना! लाल असता तर एवढा काळा दिसला असता का? आणि मला वाटलं, आपण मुसलमान... म्हणून हिरवा."

त्याच्या या शेवटच्या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करीत राहिलो. प्रश्न एका फेट्याचा होता, पण तेवढ्यापुरताच नव्हता. हा लेख त्यातूनच झाला आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की काळ्यापांढऱ्या छायाचित्रात निवडक रंग भरणे ही संगणकाची करामत नव्हे. ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचा शोध जाहीर झाला आणि लगेचच लोकांची तक्रार सुरू झाली की चेहरा हुबेहूब येतो, पण प्रेतासारखा दिसतो. १८४० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या योहान इझेनरिंग या चित्रकाराने त्या चांदीच्या पत्र्यांवर रंगाची पूड बसवून गालांवर लाली आणली. पुढे कागदावरचे फोटो आले तेव्हा रंगाऱ्यांचे काम सोपे झाले.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही मराठी माणसे तिच्यात होती. लखनौमध्ये अवधच्या नवाबीच्या अखेरच्या दिवसांत अहमद अली खान हे घरंदाज मुसलमान गृहस्थ कॅमेरा चालवीत होते. त्याच शहरात पुढे दारोगा अब्बास अली यांनी १८७४ साली लखनौच्या इमारतींच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. ते व्यवसायाने इंजिनिअर होते. छायाचित्रण म्हणजे साहेबाचे काम आणि आपण फक्त त्याच्यापुढे बसणारे, असा जो समज आहे तो ही नावे ऐकली की टिकत नाही.

आपल्या देशात रंग भरण्याला आणखी एक कारण होते. इथे लघुचित्रांची परंपरा होती. राजदरबाराचे चित्रकार छायाचित्र आल्यावर बेकार झाले नाहीत; ते फोटोवरच रंगवू लागले. कित्येक संस्थानिकांच्या तसबिरींत खालचा फोटो शोधावा लागतो, इतका वरचा रंग दाट असतो. चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा, आणि पागोटे, दागिने, गालिचा सारे ब्रशाचे.

ही रीत संस्थानांतून गावच्या स्टुडिओत आली तेव्हा तिचे रूप साधे झाले. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या फोटोवाल्याकडे ते काम मी पाहिलेले आहे. चकचकीत कागद चालत नसे, कारण त्यावर रंग ठरत नाही. खरखरीत कागदावर जरा फिकट प्रत काढायची. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, त्यावर पारदर्शक तैलरंगाचा कण घ्यायचा, चोळायचा आणि जास्तीचा पुसून टाकायचा. खालच्या सावल्या रंगातून दिसत राहिल्या पाहिजेत, ही त्यातली कसोटी. पूर्ण फोटो रंगवण्याचे पैसे जास्त पडत. म्हणून बहुतेक गिऱ्हाइके म्हणत, "फक्त ओठ आणि ओढणीची किनार करा," किंवा "दागिने पिवळे करा." म्हणजे आज ज्याला निवडक रंग म्हणतात तो आमच्या गावात पैशाच्या हिशेबाने निवडला जाई. ज्या गोष्टीचा घराला अभिमान, तिला रंग. बाकीचे राखाडीच राहू द्यायचे.

आता आपल्या घरांत मुळात तसबिरी कमी का, याविषयीही बोलले पाहिजे, कारण त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे. तसवीर जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक चालला. एका बाजूला सजीवाची प्रतिमा करूच नये म्हणणारे आलिम. दुसऱ्या बाजूला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांच्यासारखे विद्वान. त्यांनी असे मांडले की छायाचित्र म्हणजे माणसाने घडवलेली प्रतिमा नव्हे, अल्लाहने निर्माण केलेली सावली केवळ अडवून धरलेली असते. खानदेशातल्या साध्या घरांनी या वादात मधली वाट काढली. तसबीर काढली तर भिंतीवर लावायची नाही, पेटीत ठेवायची. लावली तर नमाजच्या वेळी वर कापड टाकायचे. पुढे हजसाठी पासपोर्ट आला, १९९३ पासून निवडणुकीची फोटो ओळखपत्रे आली आणि गरजेपुढे वाद मागे पडला. पण त्याचा परिणाम असा की कितीतरी घरांत दादीचा, नानीचा एकमेव फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चौकोन. ज्यांच्याकडे फोटो थोडे, त्यांनी त्या थोड्यांना जास्त जपले पाहिजे.

बखीत साहेबांचे म्हणणे मला दुसऱ्याही कारणासाठी महत्त्वाचे वाटते. फोटो ही अडवलेली सावली आहे असे मानले, तर त्यावर चढवलेला रंग मात्र माणसाच्या हाताचा आहे. सावलीची जबाबदारी कॅमेऱ्याची, रंगाची जबाबदारी रंगवणाऱ्याची. त्याने विचारले पाहिजे की हा रंग मला कोणी सांगितला.

एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातले आहे. मदिनेची पहिली छायाचित्रे १८६१ साली मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी इंजिनिअरने काढली. १८८० मध्ये त्यांनी मक्केचीही काढली. ती अर्थातच काळीपांढरी. त्यानंतर छापखान्यांतून मक्का-मदिनेची जी चित्रे निघाली, ज्या कॅलेंडरांनी आपल्या ओसऱ्या भरल्या, त्यांत बाकी काही फिके असले तरी मदिनेचा घुमट हिरवा असायचाच. हा निवडक रंगच. पण तो खोटा नाही. तो घुमट १८३७ साली उस्मानी सुलतानाच्या काळात हिरवा रंगवला गेला, हे लिहून ठेवलेले आहे आणि लाखो हाजींनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. इथे रंगाला साक्षीदार आहेत. माझ्या दादांच्या हिरव्या फेट्याला साक्षीदार नव्हता. जी साक्षीदार होती ती लाल म्हणत होती.

मग पुतण्याचा दुसरा मुद्दा उरतो. फेटा लाल होता तर इतका काळा का दिसतो? याचे उत्तर फोटोच्या रसायनात आहे आणि जुने फोटो रंगवणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे आहे.

आपण समजतो की काळापांढरा फोटो उजेडाची खरी नोंद करतो. तसे नाही. सुरुवातीच्या काचांना फक्त निळा आणि जांभळा उजेड कळे. म्हणून त्या काळच्या फोटोंत निळे आकाश पांढरेफटक येते. १८७३ साली जर्मनीच्या हेर्मान फोगेल यांनी शोधून काढले की रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्या-पिवळ्या उजेडालाही जागी होते. पण लाल तिला दिसत नसे. या प्रकाराला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. सगळे रंग ओळखणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात आल्या. तरी लहान गावांत जुना प्रकार पुढे बरीच वर्षे टिकला. कारण सोपे होते. ज्या काचेला लाल दिसत नाही ती अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याच्या उजेडात बघत बघत धुता येते. नव्या काचेला मिट्ट काळोख लागतो.

अशा काचेवर लाल फेटा कसा उमटणार? जवळजवळ काळा. मी पुतण्याला म्हटले, "दादीचे ओठ बघ." दादी पान खायची. फोटोत तिचे ओठ काळेशार दिसत होते. ओठ लाल असून काळे आले, तर फेटाही लाल असून काळाच येणार. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे फोटोच सांगत होता, मला वाचता आलं नाही."

पण फोटो नेहमी इतके सांगत नाही. आजच्या संगणकाचेच उदाहरण घेऊ. रंगीत चित्र काळेपांढरे करताना संगणक साधारणपणे लाल रंगातला ३० टक्के, हिरव्यातला ५९ टक्के आणि निळ्यातला ११ टक्के भाग घेऊन त्यांची बेरीज करतो. प्रत्येक रंगाचे माप ० ते २५५. आता एक भगवी छटा घ्या : लाल २००, हिरवा ७०, निळा २०. बेरीज येते १०३. एक हिरवी छटा घ्या : लाल ४०, हिरवा १५०, निळा ३०. बेरीज पुन्हा १०३. म्हणजे भगवे निशाण आणि हिरवी चादर, दोन्ही एकाच राखाडी रंगात जमा झाली. आता उलटा प्रवास करायचा म्हटले, की या १०३ मधून मूळ रंग कोणता होता ते सांगा, तर जगातला कोणताही संगणक ते सांगू शकणार नाही. ती माहिती गेली. रंग भरणारा जे ठरवील ते खरे.

या साध्या बेरजेत आपल्या काळाचा केवढा मोठा प्रश्न दडला आहे, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

संगणकावर हे काम कसे होते तेही थोडक्यात पाहू. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर नोल बंधूंनी तयार केले आणि १९९० साली ते बाजारात आले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थर आले. थर म्हणजे फोटोवर ठेवलेली पारदर्शक काच. मूळ फोटो खाली तसाच राहतो आणि रंग वरच्या काचेवर चढतो. त्या थराला अशी सूचना देता येते की तुझा फक्त रंग घे, उजेड-सावली खालच्या फोटोची ठेव. आमच्या फोटोवाल्याचा पारदर्शक तैलरंग नेमके हेच करीत होता. कापूस आणि आगकाडीच्या जागी ब्रशाचे चिन्ह आले एवढेच. शिवाय इथे चूक झाली तर मागे जाता येते. कागदावरची लाली पुसली तरी डाग राहायचा. १९९६ पासून गिम्प नावाचे फुकट सॉफ्टवेअरही मिळू लागले.

दोन हजार सालानंतर लग्नाच्या अल्बममध्ये या निवडक रंगाची साथ आली. सगळा फोटो काळापांढरा आणि हातातला गुलाब तेवढा लाल, किंवा मेहंदी तेवढी रंगीत. सिनेमात तर ही युक्ती आधीपासून होती. स्टीव्हन स्पिलबर्गच्या १९९३ सालच्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये ज्यू वस्तीवरच्या अत्याचाराचा प्रसंग काळापांढरा आहे आणि त्या गर्दीतून चालणाऱ्या एका लहान मुलीचा कोट तेवढा लाल. तो रंग प्रेक्षकाला सांगतो की हजारांत हे एक मूल आहे, याला विसरू नका. आपल्याकडे के. आसिफ यांच्या 'मुगल-ए-आझम'मध्ये १९६० सालीच शीशमहलातले गाणे रंगीत होते, बाकीचा बहुतेक चित्रपट काळापांढरा. २००४ साली तो सारा चित्रपट संगणकावर रंगवून पुन्हा लावला गेला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद दोन-तीन दिवसांच्या अंतराने आल्या आणि दिवाळीच्या दिवशी तो पडद्यावर आला. आमच्याकडच्या थोरल्यांनी तो पाहिला आणि दोन तट पडले. काहींना अनारकली नव्याने भेटली. काही म्हणाले, शीशमहलात रंग एकदम फुलायचा त्यातली गंमत गेली. आता पहिल्यापासूनच सगळे रंगीत. मला दुसऱ्यांचे म्हणणे पटते. सगळ्यालाच रंग दिला की कशालाच दिल्यासारखा होत नाही.

त्यानंतर जमाना आणखी बदलला. २०१६ च्या सुमारास संशोधकांनी संगणकाला लाखो रंगीत फोटो दाखवून स्वतःच रंग भरायला शिकवले. २०२० पासून हे काम फोटोशॉपमध्ये एका बटणावर आणि वंशावळीच्या संकेतस्थळांवर घरबसल्या होऊ लागले. आता मोबाइलवर क्षणात होते. ही यंत्रे अंदाज बांधतात. गवत हिरवे आणि आकाश निळे हे त्यांना बरोबर जमते, कारण ते सगळीकडे तसेच असते. पण १९४६ साली धरणगावच्या पिंजाऱ्याने कोणत्या रंगाचा फेटा बांधला होता हे यंत्राने कुठे पाहिलेले असणार? ते सरासरी काढते. इतिहासात सरासरी माणूस कधीच नसतो.

अंदाजाने रंगवण्याचा तोटा आपल्या लोकांनी आधीही सोसला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातली रंगीत पोस्टकार्डे फार खपत. कितीतरी कार्डे जर्मनीत छापली जात. फोटो इथला, रंग तिथल्या कारागिरांचा. त्यांनी हा देश पाहिलेलाही नसे. तीच माणसे, तेच कपडे, पण रंग मनाला येईल तो, आणि खाली जातीचे किंवा धर्माचे नाव. त्याही आधी, १८६३ आणि १८६६ साली, विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत एका ठिकाणी काढलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यापुढे बसवलेली आहेत. म्हणजे आपण कोण, कुठे उभे होतो आणि कसे दिसत होतो, हे दुसऱ्याने ठरवायची सवय जुनीच आहे.

अलीकडचे उदाहरण कंबोडियाचे. ख्मेर रूज राजवटीच्या तुरुंगात ज्यांचा छळ करून जीव घेतला गेला, त्यांचे तिथे नोंदीसाठी काढलेले काळेपांढरे फोटो आज संग्रहालयात आहेत. २०२१ साली एका कलाकाराने त्यांतले काही रंगवले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणले. कंबोडिया सरकारने आणि मृतांच्या नातलगांनी निषेध केला. ते छापणाऱ्याला लेख मागे घ्यावा लागला. त्या माणसांचे सगळे गेले होते, उरली होती ती शेवटची नजर. तीही बदलण्याचा हक्क कोणाला होता?

म्हणून रंग भरूच नये काय? मी तसे म्हणत नाही. १९३६ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात, तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांची. त्या वेळच्या एखाद्या फोटोत झेंडा दिसला तर त्याच्या तीन पट्ट्या तीन राखाडी छटांच्या दिसतील. तरी त्या रंगवायला अडचण नाही. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा हे १९३१ साली काँग्रेसने ठराव करून ठरवलेले होते. इथे कागद साक्षीला आहे. पण त्याच फोटोतल्या गर्दीच्या टोप्या-पागोट्यांना मात्र कोणताही कागद साक्षीला नाही. त्या तशाच राहू द्याव्यात.

चाळीसगावचे केकी मूस आठवतात. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत विलायतेत छायाचित्रण शिकून आला आणि चाळीसगावच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेऊन राहिला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून ते असे फोटो काढीत की पाहणाऱ्याला खरोखरचे बर्फाळ रान वाटावे. पण ते टेबलावरचे आहे हे त्यांनी लपवले नाही. 'टेबल टॉप' म्हणूनच ती चित्रे जगभर गेली. कल्पनेने घडवलेली गोष्ट कल्पनेची आहे असे सांगितले की ती कला होते. सांगितले नाही, तर ती खोटी साक्ष होते. रंगाचेही तसेच आहे.

आमच्या गावाचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते बालकवींमुळे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली इथे जन्मले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस. हिरव्या-पिवळ्या रंगांची एवढी ओढ असलेला कवी आपल्याला तसबिरीत भेटतो तो काळ्यापांढऱ्या रूपात. मला त्यात उणीव वाटत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले रंग त्यांनी स्वतः शब्दांत ठेवले. तसबिरीत ते आपण भरले तर ते आपले असतील, त्यांचे नव्हेत.

आता पुन्हा घरच्या गोष्टीकडे येतो. फुफीने त्या दिवशी आणखी एक फोटो काढला. गावच्या जिनिंग फॅक्टरीतल्या कामगारांचा. सोळा माणसे, दोन ओळी. धोतर, सदरा, कुणाच्या डोक्याला फेटा, कुणाच्या टोपी. अंगावर कापसाची पिंज. दादा मागच्या ओळीत डावीकडून तिसरे. पुतण्या उत्साहाने म्हणाला, "यातले आपले कोण ते सांगा, मी तेवढ्यांना रंग देतो. बाकीचे ब्लॅक अँड व्हाइट."

फुफीने बराच वेळ पाहिले. दादा आणि आणखी एक शेजारी, एवढे दोघे तिला ओळखू आले. बाकी चौदा जणांत कोण पिंजारी, कोण तडवी, कोण कुणबी, कोण माळी, सांगता येईना. चेहऱ्यावरून कळत नव्हते, कपड्यावरून तर नव्हतेच. "तेव्हा सगळे सारखेच दिसायचे रे," ती म्हणाली. "बोलायचेही अहिराणीच."

मी पुतण्याला म्हटले, हा फोटो तसाच राहू दे. त्यात रंग भरायचा म्हणजे सोळा माणसांत रेघ ओढायची, आणि ती रेघ त्या दिवशी तिथे नव्हती. आपल्याविषयी लिहिणाऱ्यांनी आपल्याला एकाच रंगात रंगवले अशी तक्रार आपण नेहमी करतो, आणि ती खरी आहे. पण संगणक आपल्या पोरांच्या हाती आल्यावर त्यांनीही दादांचा लाल फेटा हिरवा करावा, याला काय म्हणायचे? दुसऱ्याने चढवलेला रंग निदान खरवडून काढता येतो. आपणच आपल्या हाताने चढवला, तर पुढच्या पिढीला तो खराच वाटेल. तिला कोण सांगणार की खानदेशचा मुसलमान लाल फेटा बांधत होता, त्याची बायको नऊवारी नेसत होती?

याच कारणाने निवडक रंगाची ही रीत, लग्नाच्या अल्बमांनी स्वस्त केलेली असली तरी, मला आता प्रामाणिक वाटू लागली आहे. सगळा फोटो रंगवणारा सगळे माहीत असल्याचा आव आणतो. निवडक रंग भरणारा म्हणू शकतो की एवढे मला माहीत आहे, एवढेच रंगवतो. उरलेले राखाडी ठेवतो. आमच्या फोटोवाल्याने पैशाच्या हिशेबाने जे केले ते आपण साक्षीच्या हिशेबाने करावे. मूळ फोटो स्कॅन करून वेगळा, न छेडता जपावा. रंग वेगळ्या थरावर असावा. आणि कोणता रंग कुणाच्या सांगण्यावरून भरला ते लिहून ठेवावे. आपल्याकडे रिवायत सांगताना ती कुणाकडून ऐकली हे सांगायची शिस्त आहे. तसबिरीच्या बाबतीत ती का पाळू नये?

फुफीने मग दादीची पेटी उघडली. निकाहची ओढणी अजून होती, घडीवर विरलेली, पण किनारीचा डाळिंबी रंग शाबूत होता. पुतण्याने ती खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढला आणि त्यातून रंग उचलून दादीच्या ओढणीच्या किनारीवर भरला. फेटा फुफीला दाखवून दाखवून लाल केला. तिने तीनदा "एवढा भडक नव्हता" म्हटले, चौथ्यांदा मान हलवली. दादीच्या लुगड्याचा रंग तिला आठवला नाही. तो आम्ही भरला नाही.

नवी प्रत चौकटीत घालण्याआधी मी पुठ्ठ्यावर, १९४६ च्या जुन्या आकड्याखाली, पेन्सिलीने लिहिले : ओढणीची किनार पेटीतल्या ओढणीवरून. फेटा लाल, थोरल्या मुलीच्या सांगण्यावरून. बाकी रंग भरलेले नाहीत.